गोळी सोडू नकोस

चि. समीर यास अनेक आशीर्वाद.

मानेच्या सोनोग्राफीत शिरेच्या आतून चरबीचा पातळ थर दिसला, हे तुझ्या आईला सांगितलं. ती घाबरली, मी नाही. 38 व्या वर्षीच कळलं, बरं झालं. खटकलं ते तुझं पुढचं बोलणं: डॉक्टरांची कोलेस्टेरॉलची गोळी बंद करून अर्जुनाची साल आणि गुग्गुळ सुरू करणार म्हणे!

गुग्गुळ तर नकोच. ऐंशीच्या दशकात आपल्याकडे त्याचा मोठा गाजावाजा झाला. पण 2003 मध्ये अमेरिकेतल्या 103 जणांच्या चाचणीचा निकाल आला. 8 आठवड्यांत एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, उतरायचं सोडून थोडं वाढलंच, काहींच्या अंगावर पुरळ उठलं. शिवाय रक्तदाबाच्या काही गोळ्यांचा असर त्याने कमी होतो.

अर्जुनाचं तसं नाही. सातपुड्याच्या पायथ्याशी नाल्याकाठी तो उभा असतोच, सालीचा दुधातला काढाही फार जुना. छातीत कळ येणाऱ्यांवरच्या लहान चाचण्यांत थोडा गुण दिसला. पण शिरेतला थर त्याने विरघळतो असं कुणी सिद्ध केलेलं नाही, आणि पुडीतल्या भुकटीत नेमकी कुठली साल आहे हे तुला-मला कळत नाही. (साल सोलून सोलून झाडं वाळवतात, तो राग वेगळाच.) घ्यायचाच तर डॉक्टरांना विचारून, गोळीच्या जोडीला.

खरा भरवशाचा आहे तो इसबगोल, ज्याला कुणी औषध मानत नाही. दिवसाला 10 ग्रॅमच्या आसपास, भरपूर पाण्यातून घेतला तर एलडीएल साधारण 5 ते 10 टक्के उतरतं. तुझी गोळी मात्र 30 ते 50 टक्के उतरवते, म्हणून तिची जागा दुसरं काही घेत नाही. गोळी आणि इसबगोल यांत दोनेक तासांचं अंतर ठेव.

जवस तर आपल्या घरातलंच. कॅनडात पायाच्या शिरा अरुंद झालेल्या रुग्णांना रोज 30 ग्रॅम दळलेलं जवस दिलं, तर 6 महिन्यांत वरचा रक्तदाब 10 च्या आसपास कमी भरला. दळलेलंच खा, अख्खं तसंच बाहेर पडतं. आईची चटणी चालेल, पण मीठ कमी घालायला मी सांगितलंय. तिने तोंड वाकडं केलं.

लसूण ठेचून दहा मिनिटं ठेव, मग वापर. फायदा थोडाच, पण भाजीत आहेच. लसणाच्या कॅप्सूल मात्र रक्त पातळ करायच्या गोळीबरोबर घेऊ नकोस, आणि दात काढायचा झाला तर डॉक्टरांना आधी सांग.

चटणी आणि कळण्याचं पीठ शनिवारच्या ट्रॅव्हल्सने पाठवतोय. तीन महिन्यांनी रक्त तपासलंस की आकडे कळव. आणि सिगारेटचं या वेळीही काही बोलला नाहीस. शिरेला सगळ्यात जास्त तीच खाते, त्यावर कुठला काढा नाही. ती सोडलीस का, तेवढं आधी कळव.

तुझा,
आप्पा