लाडूच्या येरझाऱ्या

कोल्हापूर, 18 जानेवारी

चि. निखिल यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा फोनवर तू सांगितलेस की तुझा पाळलेला अजगर लाडू गेले बारा दिवस रात्रभर काचेला नाक घासत येरझाऱ्या घालतो, दिवसाही बिळाबाहेर दिसतो आणि दोन वेळा ठेवलेला उंदीर त्याने शिवलाही नाही. त्यावर तू स्वतःच निदानही करून टाकलेस की त्याला नवे घर आवडलेले नाही, तो रुसला आहे. फोनवर बोलण्यात काही निसटते, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

साप रुसत नाही, निखिल. पस्तीस वर्षे प्राणिशास्त्र शिकवूनही ही चूक मी स्वतः केलेली आहे. 1994 च्या एप्रिलमध्ये विद्यार्थ्यांनी एका वस्तीतून वाचवलेली धामण वनखात्याचा माणूस येईपर्यंत आमच्या प्रयोगशाळेत काचेच्या पेटीत ठेवली होती. ती पेटीभर आपटत होती. मला वाटले, जनावर चिडके आहे. म्हणून पेटीवर कापड टाकून मी तासाला निघून गेले. परत आले तेव्हा खिडकीतले ऊन पेटीवर आलेले होते, काच हाताला चटका देत होती आणि धामणीच्या तोंडाचे पुढचे खवले सोलून रक्त आले होते. तिला राग आलेला नव्हता, तिला सावली हवी होती. ती वाचली आणि पुढे सोडलीही गेली, पण तेव्हापासून हालचाल करणारा साप दिसला की मी आधी पेटीला हात लावून पाहते.

तुझा लाडू पश्चिम आफ्रिकेतला, घाना, टोगो, बेनिन या भागातल्या लहान अजगरांच्या जातीचा. हे साप दिवस उंदरांच्या बिळांत आणि वारुळांत काढतात, म्हणजे आपल्याकडे नागाविषयी जे सांगतात ते यांच्या बाबतीत शब्दशः खरे आहे. वारुळाच्या आत हवा दमट आणि उबदार असते. तू राहतोस अमेरिकेत मिनीॲपोलिसला, आणि डिसेंबरात ज्या घरात गेलास तिथे गरम हवेचा झोत, तुझ्याच सांगण्याप्रमाणे, पेटीपासून हातभर अंतरावर येतो. बाहेर बर्फ असताना अशा तापवलेल्या घरातली आर्द्रता 20 टक्क्यांच्याही खाली जाऊ शकते, आणि लाडूला ती 55 ते 70 टक्के लागते. माझा पहिला संशय तिथेच आहे.

म्हणून आज पहिले काम म्हणजे पेटी त्या झोतापासून दूर ने. झाकणाच्या जाळीचा निम्म्याहून अधिक भाग ॲल्युमिनियमच्या फॉइलने झाक, पाण्याचे भांडे मोठे ठेव आणि ओल्या शेवाळाने भरलेला, एकच तोंड असलेला डबा लपायला दे. नुसते पाणी फवारून भागत नाही, कारण ते तासाभरात उडून जाते. काचेला चिकटवलेल्या गोल थर्मामीटरवर विश्वास ठेवू नकोस. साप जमिनीवर असतो, म्हणून तारेच्या थर्मामीटरचे टोक जमिनीलगत ठेवून मोज. उबदार टोकाला 31 ते 33 अंश सेल्सिअस आणि थंड टोकाला 25 ते 27 अंश असायला हवे. हीट मॅट, म्हणजे पेटीखालची विजेवर तापणारी चटई, तापमान ताब्यात ठेवणाऱ्या थर्मोस्टॅटशिवाय चालवत असशील तर आजच बंद कर, कारण पोट भाजत असले तरी साप कित्येकदा जागचा हलत नाही.

दुसरी शक्यता साधी आहे. लाडू नर आहे, तीन वर्षांचा आहे आणि सध्या हिवाळा आहे. या दिवसांत वयात आलेले नर मादीच्या शोधात रात्र रात्र फिरतात आणि कित्येक आठवडे अन्नाकडे पाहत नाहीत. तसे असेल तर काळजी नको. फक्त दर रविवारी त्याला स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलून ग्रॅम लिहून ठेव. वजन एक दशांशाहून अधिक उतरले, तरच पुढचा विचार करू. डोळे निळसर, धुरकट दिसत असतील तर तो कात टाकायला आला आहे, आणि अशा वेळी कोरडी हवा त्याला अधिकच छळते.

तो पाण्याच्या भांड्यात तासन्‌तास बसून राहतो का, हे तू सांगितले नाहीस. बसत असेल तर ओला पांढरा कागद त्याच्या अंगावरून आणि हनुवटीखालून फिरव. कागदावर मिरपुडीच्या कणांएवढे काळे ठिपके आले तर ते रक्त पिणारे किडे आहेत. तरीही घरातला कीटकनाशकाचा फवारा अजिबात वापरू नकोस, त्याने साप मरू शकतो.

आणि ज्यासाठी थांबायचे नाही, तेही सांगते. तो तोंड उघडून श्वास घेऊ लागला, नाकातोंडाशी बुडबुडे दिसले, श्वासाला शिट्टीसारखा आवाज आला, मान सतत वर आकाशाकडे वळू लागली किंवा उताणा झाल्यावर त्याला पालथे होता येईना, तर त्याच दिवशी सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडे ने. कुत्र्या-मांजरांच्या डॉक्टरांनी तात्पुरते औषध दिले म्हणून निश्चिंत राहू नकोस.

दिवाळीच्या खोक्यात मी पाठवलेल्या उदबत्त्या त्याच खोलीत लावतोस ना? सापाच्या फुफ्फुसांना धूर सोसत नाही आणि तुझी खोली बंद असते. देवापुढे दिवा पुरे.

आठवडाभर तोलण्या-तपासण्यापलीकडे त्याला हातात घेऊ नकोस आणि खायलाही देऊ नकोस. सकाळ-संध्याकाळ दोन्ही टोकांचे तापमान, आर्द्रता आणि तो कोठे दिसला एवढेच वहीत लिही, आणि शनिवारी त्या पानाचा फोटो मला पाठव. लाडूचा नको, पानाचा. बाबा विचारत आहेत की झाकणाला दोन्ही बाजूंनी खिट्ट्या आहेत ना, आणि त्यांच्या प्रश्नाचे उत्तर मलाही हवे आहे.

तुझी,
आई