एक पायली बी राखून ठेवा

बेंगळूर

ती. बाबा आणि आई यांना,
शि. सा. न. वि. वि.

बाबा, परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "यंदा सगळी काजूबी व्यापाऱ्याला घातली. भाजून फोडायला काही ठेवली नाही. मनगटाचं प्लास्टर निघालं, पण हात बसत नाही आता." आणि लगेच फोन आईकडे दिलात. मला काय बोलावं ते तेव्हा सुचलं नाही, म्हणून हे पत्र.

तुमच्या नातवाला सध्या माकडांचं वेड लागलंय. त्याच्यापायी मीही वाचत बसते. ब्राझीलमध्ये कापुचिन नावाची माकडं आहेत. नर साडेतीन-चार किलोचा, म्हणजे आपल्या बोक्याएवढा. मादी त्याहून लहान. ही माकडं दगडाने कठीण फळं फोडतात, आणि दगड असतो जवळपास किलोभराचा! मागच्या दोन पायांवर उभं राहायचं, शेपटीचा टेकू घ्यायचा, दोन्ही हातांनी दगड खांद्याच्या वर न्यायचा आणि हाणायचा. खाली ऐरणीसारखा दुसरा दगड असतो. पिढ्यान्‌पिढ्या तिथंच फोडून त्याला खळगे पडलेत, आपल्या मागच्या दारातल्या पाथरीला पडलेत तसेच.

आई, तू म्हणशील, माकडाचं कौतुक आम्हाला सांगू नको, गेल्या पावसाआधी अकरा कौलं फोडली त्यांनी. खरं आहे. पण आपल्याकडची माकडं दगड घेऊन बी फोडताना मी तरी कधी बघितली नाहीत. बोंडू चोखतात, बी खाली टाकतात. ब्राझीलची माकडं काजूबीसुद्धा फोडतात. काजू मूळचा तिकडचाच. पोर्तुगीजांनी तो सोळाव्या शतकात गोव्यात आणला आणि घाट चढून जांबोटीत आला. सेरा दा कापिवारा नावाच्या ब्राझीलमधल्या जंगलात खोदकाम केलं, तर माकडांनी वापरलेले दगड ३,००० वर्षांपूर्वीचे निघाले. म्हणजे काजू फोडण्यात आपण कालची पोरं.

पण बाबा, मला तुम्हाला सांगायचं होतं ते वेगळंच. मधुर मंगलम आणि डोरोथी फ्रॅगझी या दोघा संशोधकांनी २०१५ मध्ये या माकडांचा एकेक घाव मोजला. माकड प्रत्येक वेळी सगळी ताकद लावत नाही. घाव घालून झाला की फळ किती फुटलं त्यावर पुढच्या घावाचा जोर ठरवतं. कवच तडकलं की हात आवरतं, नाहीतर आतल्या गराचा चुरा होईल. हे वाचलं आणि मला तुम्ही दिसलात. बोटांना राख चोळून बसलेले, बी आडवी न ठेवता पाठ वर करून चिमटीत धरलेली. पहिला ठोका टक्‌, कान त्या आवाजाकडे. मग दुसरा इतका हलका की मला वाटायचं, राहिलाच मारायचा. आणि गर अख्खा. मी फोडली की दोन पाकळ्या तरी, नाहीतर भुगा. "पाकळीला अख्ख्याचा भाव नाही गं," एवढंच म्हणायचात, आणि तो भुगा मलाच खायला द्यायचात. मी मुद्दाम थोडा जास्त करायची, हे तुम्हाला ठाऊक होतं का?

त्या माकडांची पिल्लंही अशीच शिकतात. मोठं माकड फोडत असताना शेजारी बसतात, सांडलेलं उचलून खातात, त्याने सोडलेला दगड उचलून बघतात. मोठी माकडं त्यांना हाकलत नाहीत. नीट फोडायला जमेपर्यंत दोन-तीन वर्षं तरी जातात. माझी तीस गेली आणि अजून जमलेलं नाही, कारण बारावीनंतर मी त्या पाथरीपाशी बसलेच नाही.

प्लास्टर काढल्यावर मनगट आखडतं. डॉक्टरांनी चेंडू दाबायला दिलाय तो खुंटीवर टांगून ठेवलाय, असं आई सांगत होती. तो दाबा. बी फोडायचं म्हणाल तर तुम्ही एकही फोडू नका हवं तर, नुसते शेजारी बसा. बांधावरच्या उशिरा येणाऱ्या झाडाची बी अजून उतरायची आहे ना? त्यातली पायलीभर राखून ठेवा. भाजायचं काम मी करीन. टरफलातलं तेल उडतं तेव्हा पोराला लांब धरायला आई आहेच. त्याला तुमच्या पुढ्यात बसवते. तुम्ही आवाज ऐकून सांगा, आता थांब, आता हळू. हात त्याचा चालेल.

तो भुगा करणार, हे धरूनच चला.

शाळेला सुट्टी लागली की रात्रीच्या गाडीने निघतो. सकाळी खानापूरला उतरून जांबोटीची बस धरू, घ्यायला येऊ नका. आई, कौलं यंदा आधीच बघून घे, आणि बाबांची गलोल पोराच्या हाताला लागणार नाही अशी ठेव. माकडांच्या बाजूने भांडायला तो तयार होऊनच येतोय.

तुमची,
ताई