पेपरात घालून आलेलं पॅम्प्लेट आणि ४५० वॅटचा स्टिकर

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

मी नाशिकच्या सिडकोत राहतो, सातपूर एमआयडीसीत एका कंपनीत इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला आहे. पेपरला पत्र पहिल्यांदाच लिहितोय. विषय घरच्या कॉम्प्युटरचा आहे, कमी पैशात असेंबल करून घेतो तो, आणि पत्र तुम्हालाच लिहायचं कारण म्हणजे ज्या पॅम्प्लेटवर विश्वास ठेवून मी पैसे घातले ते तुमच्याच पेपरात घालून घरी आलं होतं. पॅम्प्लेट एजंट लोक पहाटे घालतात, ऑफिसचा त्यात हात नसतो हे मला माहितीये, पण घरातल्या माणसाला ते पेपरातूनच आलेलं दिसतं ना.

२०२५ च्या जूनमधली गोष्ट. मुलगी बारावी झाली, इंजिनिअरिंगला जाणार, ड्रॉइंगचं ऑटोकॅड लागेल, कोडिंग लागेल. पॅम्प्लेटवर मोठ्या अक्षरात आय७, १६ जीबी रॅम, ५१२ एसएसडी, ४५० वॅट, एलईडी मॉनिटरसकट सगळं २१,५००. आय७ म्हणजे सगळ्यात वरचा प्रोसेसर एवढंच डोक्यात होतं. शनिवारी दोघं जाऊन घेऊन आलो, पावती मिळाली ती एस्टिमेटच्या कागदावर, त्यावर "कॉम्प्युटर सेट, १ नग" एवढंच. मी तेव्हा काही बोललो नाही, बोलायला पाहिजे होतं.

गणपतीच्या आदल्या आठवड्यात संध्याकाळी जोराचा पाऊस, लाईट तीनचारदा गेली आली, आणि शेवटच्या वेळी आली तेव्हा कॅबिनेटमधून फटकन आवाज आणि जळका वास. मुलगी शेजारीच बसलेली होती. मेन स्विच बंद केला, दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून कॅबिनेट उघडला. एसएमपीएस, म्हणजे सगळ्या पार्टना वीज देणारा डबा, गेला होताच, जाताना मदरबोर्डही घेऊन गेला. दुकानदार म्हणाला जळलेल्या मालाला वॉरंटी नसते.

मग त्या एसएमपीएसचं लेबल वाचलं, आणि हे मी आधी का वाचलं नाही याचं मला फार वाईट वाटलं कारण पॅनलवरची लेबलं वाचणं हे माझं रोजचं काम आहे. वर ठळक ४५० वॅट. खाली तक्त्यात १२ व्होल्टच्या रकान्यात १४ अँपिअर. बारा गुणिले चौदा, १६८. कॉम्प्युटरमध्ये प्रोसेसर, ग्राफिक कार्ड सगळी मोठी कामं १२ व्होल्टवरच चालतात, म्हणजे कामाची ताकद १६८ वॅट आणि बाकीचा आकडा ५ आणि ३.३ व्होल्टच्या रकान्यात अँपिअर भरून फुगवलेला. वजनाला इतका हलका की आत काही आहे का असं वाटावं, वायरी बारीक, ८० प्लसची, म्हणजे वीज कमी वाया जाते याची, खूण कुठेच नाही. चांगल्या एसएमपीएसमध्ये व्होल्टेज वर गेलं किंवा शॉर्ट झालं तर तो स्वतः बंद पडतो, बोर्डला मारत नाही. ह्याच्यात ते बहुतेक नव्हतंच, नाहीतर बोर्ड गेला नसता.

प्रोसेसरचं तर आणखी वाईट. आय७ खरा होता, पण आय७-२६००, म्हणजे दुसऱ्या पिढीचा, २०११ सालचा. चौदा वर्षं जुना प्रोसेसर, कुठल्यातरी ऑफिसातून निघालेला, एच६१ नावाच्या त्याच काळातल्या बोर्डवर बसवलेला, रॅमही जुन्या प्रकारची, डीडीआर३. त्या बोर्डवर एसएसडीसुद्धा अर्ध्या स्पीडने चालते, डिस्क जोडायचा साटा पोर्ट तीनच गिगाबिटचा असतो त्याला. विंडोज ११ इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढे अधिकृतपणे चालतं, टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते, तरी ह्यांनी ते कसंतरी बसवून दिलं होतं, आणि परत विंडोज १० वर जावं तर त्याचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. म्हणजे पोरीच्या पहिल्याच सेमिस्टरला मशीन म्हातारं होतं.

वाचकांनी एवढं तरी बघावं. आय३, आय५, आय७ च्या पुढचा नंबर विचारा. २६०० म्हणजे दुसरी पिढी, १२१०० म्हणजे बारावी. आय३-१२१०० चेही कोअर (काम करणारे भाग) ४ आणि थ्रेड (एका वेळी चालणारी कामं) ८ च आहेत, त्या जुन्या आय७ एवढेच, पण काम कितीतरी पटपट करतो, आणि वीज कमी खातो. नंबरच्या शेवटी एफ असेल तर प्रोसेसरमध्ये डिस्प्ले चालवायची सोय (ग्राफिक्स) नसते, वेगळं कार्ड घ्यावंच लागतं. मला दुसऱ्या एका दुकानात १२१०० एफ आणि सोबत जीटी ७१० कार्ड असं कोटेशन दिलं, स्वस्त दिसत होतं, पण ते कार्ड इतकं कमकुवत आहे की आजकालच्या बऱ्याच प्रोसेसरच्या पोटातले ग्राफिक्स त्याच्यापेक्षा चांगले असतात.

दिवाळीच्या सुमारास परत सगळं पहिल्यापासून केलं, ह्या वेळी एकेक पार्ट स्वतः ठरवून. मॉनिटर, कीबोर्ड, माऊस वाचले होते. एएमडी कंपनीचा रायझन ५ ५६००जी प्रोसेसर घेतला, ६ कोअर १२ थ्रेड, डिस्प्ले आतच, कूलर बॉक्समध्येच येतो, ६५ वॅट. लोक म्हणतात हा ज्यात बसतो तो एएम४ सॉकेट जुना झाला, एएम५ घे. २०२२ ला एएम५ आला हे खरंय, पण त्याला डीडीआर५ च रॅम लागते आणि बोर्डही महाग, आमच्या बजेटमध्ये ते बसत नव्हतं आणि ऑटोकॅड-कोडिंगला गरजही नव्हती. बोर्ड घेताना एक गोष्ट लक्षात ठेवा, जुना स्टॉक असेल तर बायोस (बोर्डच्या आतलं चालू करणारं सॉफ्टवेअर) जुना असतो आणि ५६००जी टाकून चालूच होत नाही, दुकानातच अपडेट करून घ्या. एसएसडी एनव्हीएमई, म्हणजे साटापेक्षा वेगवान, घेतली पण जेन ३ ची (जेन म्हणजे स्पीडची पिढी), कारण हा प्रोसेसर जेन ३ पर्यंतच जातो, जेन ४ चे जादा पैसे वाया.

रॅम १६ जीबी, पण एक कांडी नाही, आठ आठच्या दोन. प्रोसेसरमधले ग्राफिक्स ह्याच रॅमवर चालतात, दोन कांड्या असल्या की दोन रस्ते उघडतात आणि फरक डोळ्याला दिसतो. दुकानदार एक कांडी देतो आणि "नंतर वाढवता येईल" म्हणतो, नंतर कोण वाढवतं. आणि रॅमचे भाव तर काय सांगू, एआयच्या डेटा सेंटरला मेमरी जायला लागल्यापासून २०२५ च्या शेवटी असे चढले की दसऱ्याला विचारलेला भाव दिवाळीनंतर कुणी देईना.

एसएमपीएसला मात्र साडेतीन हजार घातले, ५५० वॅट, ८० प्लस ब्रॉन्झ. बायको म्हणाली एका डब्याला एवढे? मी तिला जळालेला डबा हातात दिला आणि नवा दिला. ती काही बोलली नाही. खरं तर आमचं मशीन पूर्ण लोडवरही दीडशे वॅटच्या आसपासच खातं, चांगल्या कंपनीचा ४५० पण पुरला असता, त्यामुळे ७५० वॅटच्या मागे लागायची अजिबात गरज नाही, आकडा लहान चालेल पण खरा पाहिजे. सोबत ६०० व्हीएचा यूपीएस घेतला, सिडकोत पावसाळ्यात लाईटचं काय होतं ते इथल्यांना सांगायला नको. आणि ज्या प्लगला कॉम्प्युटर लावणार त्याची अर्थिंग एकदा वायरमनकडून तपासून घ्या, जुन्या घरांमध्ये तिसरी वायर नुसती लोंबकळत असते, हे मी स्वतः किती ठिकाणी बघितलंय.

ह्या वेळी बिल पक्कं घेतलं, जीएसटीसकट, १८ टक्के. प्रत्येक पार्टचं पूर्ण नाव आणि सिरीयल नंबर. दुकानदार आधी कच्च्या पावतीवर हजार-दीड हजार कमी करायला तयार होता, पण वॉरंटी सिरीयल नंबर आणि बिलावरच चालते, बॉक्स पॅक प्रोसेसरला ३ वर्षांची असते, ती दीड हजारात विकायची का? बिल न देणं हे २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा म्हणून लिहिलेलं आहे, फार कमी लोकांना माहिती आहे हे. ग्राहक हेल्पलाईनचा नंबर १९१५ आहे, आणि ५ लाखांपर्यंतच्या मालाच्या तक्रारीला जिल्हा आयोगात फी पण लागत नाही. मी पहिल्या वेळी काहीच करू शकलो नाही कारण माझ्याकडे एक नग एवढंच लिहिलेलं होतं.

नाशकातले सगळेच दुकानदार असे नाहीत. ज्याच्याकडून आता घेतलं त्याने माझ्यासमोर सगळं जोडलं, दोन तास मुलीला एकेक पार्ट हातात देऊन समजावलं, रॅम तिलाच बसवू दिली. अशा माणसाचं कोटेशन त्या पॅम्प्लेटच्या शेजारी ठेवलं की महाग दिसतं आणि गिऱ्हाईक तिकडे जातं, ह्याचं मला जास्त वाईट वाटतं.

आता परत ॲडमिशनचे दिवस आलेत, परत पॅम्प्लेट येतील. तुम्ही कॉम्प्युटरच्या जाहिराती घेता तेव्हा एवढीच अट घाला की प्रोसेसरचा पूर्ण नंबर लिहा, नवा की वापरलेला ते लिहा, एसएमपीएस कोणत्या कंपनीचा आणि १२ व्होल्टला किती अँपिअर ते लिहा. चार ओळी जास्त लागतील. आणि एजंट लोकांनाही एकदा सांगून बघा. वापरलेला माल विकू नका असं माझं म्हणणं नाही, ज्याच्याकडे दहाच हजार आहेत त्यालाही कॉम्प्युटर लागतोच, फक्त त्याला कळू दे तो काय घेतोय.

ते पॅम्प्लेट आणि जळालेल्या एसएमपीएसच्या लेबलचा फोटो सोबत पाठवतोय. दुकानाचं नाव खोडलंय, आकडे तसेच ठेवलेत.

आपला,
एक वाचक, सिडको, नाशिक