कुंभारगावच्या काठावरच्या काका-मावशींना

गेल्या रविवारी आम्ही चौघे मित्र उजनी धरणाच्या फुगवट्यावर शिंगटा मासा धरायला गेलो होतो. पहाटे गळाला लावायला ओल्या मातीतून गांडुळं खणली, उथळ पाण्यात जुन्या मच्छरदाणीनं चिलापी माशाची पिल्लं धरली. नऊच्या सुमारास किलोभराचा शिंगटा गळाला लागला. गळ सोडवताना त्यानं अंग झटकलं आणि कल्ल्यामागचा काटा माझ्या अंगठ्याच्या मुळाशी रुतला. या काट्याला उलटे दाते असतात, विषही असतं. खांद्यापर्यंत कळ गेली, डोळ्यांपुढे अंधारी आली. मित्रही घाबरून गेले.

काका, तुम्ही जाळं टाकून धावत आलात. पकडीनं काटा माशापासून तोडलात आणि मग आला त्याच दिशेनं सरळ ओढून काढलात. मावशी, तुम्ही चुलीवरचं कालवण उतरवून पाणी ठेवलंत. "सोसंल तेवढ्या गरम पाण्यात हात ठेव, इख उतरतंय." पाणी निवलं की पुन्हा तापवत होतात आणि दर वेळी आधी स्वतःचं कोपर बुडवून बघत होतात. जवळजवळ तासभर! माझ्या आईनं याहून वेगळं काय केलं असतं?

कळ थांबल्यावर काकांनी मोटारसायकलवरून भिगवणला दवाखान्यात नेलं, धनुर्वाताचं इंजेक्शन होईपर्यंत थांबले. पैसे घेतले नाहीत. परत आलो तर आमच्या बादलीतली पिल्लंसुद्धा जिवंत होती, मावशींनी पाणी बदललं होतं.

गडबडीत नावं विचारायची राहिली. हात आता बरा आहे. मनापासून आभार. तुम्हाला भेटायला येतोच आहे.