भेग वरून आली की खालून?

दर्यापूर

चि. पल्लवीस,
अनेक आशीर्वाद.

धावपट्टी तपासायच्या कामावर तू रुजू झालीस, हे तुझ्या आईनं अख्ख्या आळीत सांगून झालं. मला मात्र तुझ्याशी भेगांबद्दल बोलायचं आहे.

आमच्या वेळी रस्त्याला बेंकेलमन बीम लावायचो. मागच्या एक्सलवर 8170 किलोचा भार असलेला ट्रक, त्याच्या जोडचाकांच्या मधे बीमचं टोक. ट्रक पुढे सरकला की रस्ता किती वर आला ते डायलवर दिसायचं. तुझं हेवी वेट डिफ्लेक्टोमीटर वजन आपटतं आणि पट्टी किती दबली ते मायक्रॉनमध्ये सांगतं. पण भेग कुठून निघाली, ते बेटा तुलाच ओळखावं लागेल.

डांबर वर्षानुवर्षं ऊन खाऊन कडक होतं, तेव्हा भेग वरूनही सुरू होते. खालचे थर धड असतील तर वरचा थर खरवडून नवा टाकला की भागतं. भेग तळातून निघाली असेल तर नुसत्या नव्या थरातून ती पुन्हा डोकं काढते. म्हणून भेगेवर आणि शेजारच्या धड जागेवर, दोन्हीकडे रीडिंग घे. तरी शंका उरली तर भेगेवरच एक कोअर, म्हणजे सगळ्या थरांचा गोल उभा तुकडा, काढ. एवढं एक भोक पाडायला कचरू नको.

काँक्रीटचे सांधे गारव्यात तपास. मे महिन्यात भर दुपारी स्लॅब फुगून सांधे आवळले जातात आणि भार पलीकडच्या स्लॅबवर उत्तम जातोय असा आकडा येतो. त्या आकड्यावर विसंबू नको. कोपरा तुटून खपली इंजिनात गेली तर माणसांच्या जिवाशी गाठ आहे. मात्र अगदी पहाटे कोपरे थोडे उचललेले असतात, तेव्हा तिथं जास्त दबलं म्हणजे खाली पोकळीच आहे असंही लिहू नको. प्रत्येक रीडिंगपुढे वेळ आणि तापमान हवंच.

आणि आपली काळी माती! उन्हाळ्यात वावरात हात जाईल एवढ्या भेगा, पावसाळ्यात तीच फुगून वर येते. अशा मातीवरच्या पट्टीच्या कडेनं लांबच लांब भेग दिसली तर विमानाच्या वजनाआधी मातीतल्या ओलीचा विचार कर. पावसाळा सरल्यावर पुन्हा मोजायचंच, असा साहेबांकडे हट्ट धर.

दिवाळीला येशील तेव्हा साहेबांना विचारून सांध्यांच्या रीडिंगचा कागद घेऊन ये. मला बघायचा आहे.

तुझे,
बाबा