सोम्यूरच्या तळघरातल्या काकांना

ती. स्व. काका,
शि. सा. न.

फ्रान्समधल्या सोम्यूरला मी वाइन शिकायला आलो, तेव्हा तिथे तुम्हाला सगळे 'मस्य' (म्हणजे साहेब) म्हणायचे. मी दुसऱ्या दिवसापासून काका म्हणू लागलो आणि तुम्ही ओ द्यायला लागलात. पत्र मराठीत आहे. नातीला फोन धरायला सांगा, मी वाचून मोडक्या फ्रेंचमध्ये समजावेन.

मी दिंडोरीच्या द्राक्ष बागायतदाराचा मुलगा. वडिलांचं आयुष्य मणी फुगवण्यात गेलं. तुमच्या शेनँ जातीच्या द्राक्षांचे बारके, आंबट घड बघून वाटलं, हे आमच्याकडे बेदाण्यालाही कुणी घेणार नाही. फेसाळ वाइनसाठी आंबटपणा शाबूत असतानाच माल काढायचा, हे मी वाचलं होतं. तुम्ही मूठभर मणी खायला लावलेत आणि दात आंबल्यावर ते कळलं. क्रेमाँचा, म्हणजे तुमच्या त्या फेसाळ वाइनचा, नियम 150 किलो द्राक्षांना 100 लिटर रसाचा. "अजून दाबलं तर निघेल की," मी म्हणालो. तुम्ही काही न बोलता शेवटच्या दाबाचा रस ग्लासात दिलात. तुरट, कडवट. विषय संपला.

पण खरे आभार तळघराचे. ल्वार नदीकाठचे वाडे ज्या मऊ, पांढऱ्या तुफो दगडाचे, त्याचीच ती जुनी खाण. बारा महिने 12 अंशांच्या आसपास गारवा. तयार वाइनच्या बाटलीत लिटरमागे 24 ग्रॅम साखर आणि यीस्ट घालून बूच ठोकायचं, यीस्ट ती सावकाश खातं आणि आत 6 ॲटमॉस्फिअर दाब कोंडतो. मोटारीच्या टायरच्या अडीचपट! मेलेल्या यीस्टचा गाळ तोंडाशी आणायला बाटल्या भोकं पाडलेल्या लाकडी घोडीवर उलट्या खोचून रोज थोड्या थोड्या फिरवायच्या. बहुतेक माल तुमच्याकडेही 504 बाटल्यांच्या यांत्रिक पिंजऱ्यात फिरतो, ते मी पाहिलंय. घोडी मात्र तुम्ही मोडीत काढली नव्हतीत.

तिथेच मी घोळ घातला. एका बाजूच्या 60 बाटल्यांत निम्म्या उजवीकडे, निम्म्या डावीकडे फिरवल्या. चौथ्या दिवशी तुम्ही एक दिव्यासमोर धरलीत. गाळ खाली सरकायचं सोडून काचेला शेपटीसारखा चिकटला होता. आता बोलणी खायची, म्हणून मी मान खाली घातली. तुम्ही बाटली हलवून सगळं पुन्हा गढूळ केलंत, बुडावर चुन्याची रेघ ओढलीत आणि दुसरी माझ्या हातात दिलीत. साठच्या साठ आपण दोघांनी केल्या. जेवणाची सुट्टी गेली. नंतर तुम्ही स्वतःच्या डब्यातलं चीज पुढे केलंत (वास भयंकर होता, आज कबूल करतो).

गाळ उडवायला शिकवलंत तेव्हा पहिल्या बाटलीतली अर्धी वाइन माझ्या तोंडावर आली. बाटली वर उचलताना आतला बुडबुडा गाळापर्यंत पोचायच्या आत चिमट्याने बूच उडवायचं, हे डोळ्यांनी नाही, मनगटाने समजतं. दहाव्या बाटलीला अंगठा वेळेवर बसला. तुम्ही नाकाशी धरून हुंगलीत आणि "बाँ" (छान) एवढंच म्हणालात.

यंदा इथल्या वायनरीत मालकांनी एक घोडी करून घ्यायला परवानगी दिली. सुतार विचारत होता, भोकं तिरकी कशाला? मी दोन रिकाम्या बाटल्या खोचल्या, दोन्ही हातांनी एकदम धरल्या आणि फिरवल्या. टक-टक. तो म्हणाला, "हां, म्हणजे लाकूड घट्ट हवं." सागवान घेतोय.

तुमचा,
दिंडोरीचा पोरगा