आठ तासांची रात्र, १०४ जीबी

देवगड, १२ जानेवारी २०२६

चि. केतकीस,
अनेक आशीर्वाद.

परवा तू म्हणालीस, "आई, तो डबा भंगारात दे, लॅपटॉपचे पैसे मी पाठवते." पाठवू नकोस. आपल्या जुन्या संगणकाचा तो डबा उघडला, डिस्क बदलली, चालू झाला. फोनवर सांगायला गेले असते तर तू मधेच तोडलं असतंस, म्हणून लिहिते आहे.

आधी एका दुकानात विचारलं होतं. त्यांनी झाकणही न काढता सांगितलं, २००८ चं मशीन, संपलं. मग जामसंड्याचा तो दुरुस्तीवाला पोरगा घरी आला. त्याने पाच मिनिटं बघितलं नि म्हणाला, "काकी, मशीन मेला नाय हा. पोट भरला हा तेचा." १६० जीबीची डिस्क. दाखवते १४९ च, कारण जीबी मोजताना कारखाना हजाराचा टप्पा धरतो आणि संगणक १०२४ चा. आपण पाच डझनी पेटी म्हणतो नि व्यापारी डागी आंबे काढून मोजतो, तसंच काहीसं. त्यातली जेमतेम ३ जीबी मोकळी होती. विंडोजला स्वतःचं काम करायलाच जागा नव्हती, आंबापोळीचे हिशेब उघडायला तर नाहीच.

आणि भरलं होतं कशाने? तुला माहीत आहेच. बाबांच्या दशावताराने. त्यांच्या त्या टेपवाल्या कॅमेऱ्यातून उतरवलेला एक तास म्हणजे सुमारे १३ जीबी. रात्री उशिरा पखवाज वाजला की सकाळच्या दहीकाल्यापर्यंत आठ टेपा. एक जत्रा, एक रात्र, १०४ जीबी! त्यात तासभर तर नुसता संकासुर आणि भटजी. तू म्हणालीस, डिलीट कर, टेपा आहेत की. केतकी, टेपांना बुरशी आलीय. मी टेपांचं खोकं उघडून बघितलं, फितीवर पांढरी जाळी धरलीय. कॅमेरा तर केव्हाच बंद. म्हणजे ती रात्र आता फक्त त्या डिस्कवर होती, आणि ती डिस्क १७ वर्षं मिनिटाला ७२०० फेरे मारत आलेली. हे कळल्यावर मला दोन रात्री धड झोप नाही. बाबा मात्र घोरत होते.

तर दोन डिस्का घेतल्या. विंडोज आणि हिशेबासाठी २४० जीबीची एसएसडी, म्हणजे आत काहीच न फिरणारी डिस्क, आणि दशावतारासाठी १ टीबीची, म्हणजे हजार जीबीची, साधी फिरणारी. तू चार टीबीची एकच घे म्हणालीस ना, तर या वयाच्या बायोसला, म्हणजे संगणक सुरू करणाऱ्या आतल्या मूळ प्रोग्रॅमला, दोन टीबीच्या पुढच्या डिस्कवरून चालू होणं जमत नाही. पोरग्याने सांगितल्यावर मला जरा बरंच वाटलं, खोटं कशाला बोलू.

कॅबिनेटचे स्क्रू खाऱ्या वाऱ्याने असे गंजलेले की खोबरेल तेल सोडून रात्रभर ठेवावे लागले. आत पंख्यापाशी कुंभारीण माशीने मातीचं घर बांधलेलं, पालीची दोन अंडी. ते सगळं रंगाच्या ब्रशने झाडलं. बायोसची ती नाण्याएवढी बॅटरीही संपलेली, म्हणून तारीख दर वेळी मागे जायची.

पहिल्यांदा दशावतार मोठ्या डिस्कवर नेला. पूर्ण उतरला का हे बघायला मी आठही टेपांचे शेवट उघडून बघितले. मग हिशेबाचा फोल्डर पेनड्राइव्हवर, आणि मगच जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल एसएसडीवर. जुन्या डिस्कवर मी तुझ्या राहिलेल्या लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला होता. पोरगा हसला. पण स्क्रीनवर दोन्हींची नावं जवळजवळ सारखीच येतात आणि कुठून कुठे हे एकदा उलट झालं की पुढे हसायला कोणी उरत नाही. प्रत्येक एंटरच्या आधी मी त्याला डिस्कचा आकार मोठ्याने वाचायला लावला. मध्येच वीज गेली. इन्व्हर्टरवर निभावलं.

सगळं झाल्यावर बघते तर जागा पुन्हा १४९ च! मला वाटलं फसवलं. पण नक्कल म्हणजे जुन्या डिस्कवर जागेला घातलेल्या कुंपणासकट नक्कल. शेजारचा ७४ जीबीचा तुकडा पडीक होता. कुंपण पुढे सरकवलं आणि २२३ झाले.

आता चहाला आधण ठेवेपर्यंत चालू होतो. पूर्वी चहा पिऊन कप विसळून व्हायचा. मदरबोर्ड जुना, त्यामुळे एसएसडीचा अर्धाअधिक वेग वायाच जातो म्हणे. जाऊ दे. डिस्कमधली ती सुई शोधत फिरायची, ते थांबलं हेच पुष्कळ. विंडोज १० चे सुरक्षेचे नेहमीचे अपडेट ऑक्टोबर २०२५ मध्ये बंद झालेत, म्हणून इंटरनेटची वायर काढून ठेवलीय. बँकेचं मोबाईलवरच करते.

बाबा आज जत्रेला गेलेत. मोहोरावर फवारणी करायची सोडून. जाताना विचारत होते, नवीन डिस्कवर अजून किती रात्री मावतील? मी आकडा सांगितला नाही.

जुनी डिस्क पुसलेली नाही, कापडात गुंडाळून कपाटात ठेवलीय. त्यात तुझे 'न्यू फोल्डर' नावाचे चार फोल्डर आहेत. मी उघडले नाहीत. मे महिन्यात येशील तेव्हा तूच बघ. आणि येताना साटाची, म्हणजे डिस्क जोडायची, एक जास्तीची केबल आण. कणकवलीत मिळते, पण बाबांना पाठवलं तर ते भलतंच काहीतरी घेऊन येतील.

तुझी,
आई